कॅप्टनचे कल्ले

कीझाया पेनफोल्डच्या हातून जितकी जनावरं मेली, तितकी कुठल्या शिकाऱ्याच्या बापजन्मात मेली नसतील. हत्ती म्हणू नका, गेंडा म्हणू नका, सुसरी, अस्वलं, रानडुकरं, सगळी तिच्या हाताखाली चारी पाय वर करून पडली. आणि ही बाई लंडनातल्या क्लार्कनवेलच्या बाहेर गेली असेल तर फार तर रीजंट पार्कातल्या प्राणिबागेपर्यंत. तेही सोमवारी, कारण सोमवारी तिकीट स्वस्त.

ती लाकडावर चित्रं कोरायची. बाप घड्याळांच्या झाकणांवर वेलबुट्टी कोरायचा, त्याच्याच गुडघ्याशी बसून शिकली. बाप गेला, घड्याळांचं काम बसलं, तेव्हा ती मिस्टर टिडमार्श यांच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. खिडकीकडे तोंड करून सगळे ओळीनं बसलेले, प्रत्येकापुढं वाळू भरलेली चामड्याची उशी, उशीवर लाकडाचा ठोकळा, हातात कोरणी. बायकामाणसांनी असलं काम करू नये, असं तिथल्या निम्म्या पुरुषांचं मत होतं. कीझायानं पहिल्याच वर्षी त्यांची तोंडं बंद केली. "माझ्याहून बरा चेहरा कुणी कोरून दाखवा, मी उद्यापासून मोजे विणत बसते," असं म्हणाली. कुणी दाखवला नाही.

आता ही चित्रं ज्यांत छापायची ती पुस्तकं. त्या दिवसांत लंडनात पोरांसाठी शिकारीची पुस्तकं काढायची साथच आली होती. जो उठेल तो परदेशी जाऊन यायचा, नाही तर गेल्यासारखं करायचा, आणि नाताळच्या आत पुस्तक. सुरुवात ठरलेली: प्रिय बालमित्रांनो! मग जनावराची ओळख. अमुक हरीण फार गरीब, डोळे पाणीदार, पिल्लावर जीव टाकतं. आणि लगेच पुढच्या वाक्यात, त्याला नेमकी कुठं गोळी घातली म्हणजे कातडं खराब होत नाही ते. अहो, पिल्लावर जीव टाकतं ना? मग? पण हे विचारायचं नाही. ह्याला निसर्गाचं ज्ञान म्हणायचं. असलं ज्ञान मिळालं की गल्लीतली कार्टी गलोली घेऊन सुटायची. एकदा त्यांनी विधवा हॉबडेबाईचं मांजर तबेल्याच्या छपरावर कोंडून दगडांनी मारलं, आणि विचारलं तर म्हणाले, "आम्ही चित्ता मारला." पोरांना फटके पडले. पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी पडल्याचं ऐकलं नाही.

कीझायाला त्या पुस्तकांचा मनस्वी राग. पण पोट त्यांच्यावर चालायचं, म्हणून राग घरी ठेवून कामावर यायची, आणि संध्याकाळी गेल्यावर आईपाशी ओकायची. म्हातारी डॉर्कस पेनफोल्डला अक्षरओळख नव्हती. ती बटाटे सोलत म्हणायची, "तू कोरतेस आणि तूच शिव्या देतेस. खाटकाच्या सुरीनं रडावं तसं झालं हे."

त्या कामाची एक रीत होती, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चित्रं कोरायचं लाकूड कठीण, पिवळट, आणि झाड बारीक, त्यामुळं मोठा ठोकळा एकसंध मिळतच नाही. मोठं चित्र असलं की छोटे छोटे चौकोन मागून पितळी बोल्टांनी एकत्र आवळायचे, त्यावर चित्रकार पेन्सिलीनं चित्र काढणार, मग बोल्ट सोडायचे आणि चौकोन वाटून टाकायचे. पानं, झाडोरा, आभाळ म्हाताऱ्या ओबे ग्रिगकडे. जनावरांची अंगं दुसऱ्या कुणाकडे. चेहरे कीझायाकडे. सगळ्यांचं झालं की परत आवळायचे. ह्यात वेळ वाचतो, हे खरं. पण आपण कोरतोय त्या चित्रात काय चाललंय, हे कोरणाऱ्याला कळत नाही. मजकूर तर कुणी दाखवायचाच नाही. ओबे म्हणायचा, "गेली तीस वर्षं मी नुसती पानं कोरतोय. त्या पानांमागं कोण लपलंय, देवाला माहीत."

कीझायाला एक भाऊ होता, जाबेझ. बापाच्या धंद्यात त्याचा हात कधी बसलाच नाही. त्याला पाखरांचं वेड. रविवारी सकाळी बाकीचे देवळात, हा पाखरांच्या बाजारात. पुढं तो पाखरं सोलून, पेंढा भरून जिवंत दिसतील अशी बसवायला शिकला, आणि त्यात त्याचं नाव झालं. त्या नावावरच कॅप्टन ऑर्मिस्टननं त्याला सुमात्राच्या रानात बरोबर नेलं, मारलेली पाखरं सोलायला. जाताना चोवीस वर्षांचा होता. कॅप्टन दोन वर्षांनी परत आला. जाबेझ आला नाही. कॅप्टनचा एक नोकर दारात उभा राहून सांगून गेला, तापानं गेला, तिकडेच पुरला. टोपी काढायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

त्या दिवसापासून डॉर्कसनं जाबेझचं नाव घेणं सोडलं. वर्षभर सोडलं. मग एके दिवशी पाखरांच्या दुकानदारानं तिला रस्त्यात गाठून सांगितलं की कॅप्टन पोरांसाठी सुमात्राचं पुस्तक काढतोय आणि त्यात जाबेझ आहे, नावानिशी. म्हातारी घरी आली ती दुसरीच बाई होऊन. "पुस्तकात आहे माझा जाबेझ! छापलेला!" पाववाल्याला सांगितलं, हॉबडेबाईला सांगितलं, कोळशाच्या गाडीवाल्याला थांबवून सांगितलं. तळघरात राहणारा चांभार टोझर गल्लीला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. त्याला तिनं तेव्हाच सांगून ठेवलं, की नाताळात पुस्तक आलं की तुम्हीच वाचायचं, सगळ्यांसमोर.

आणि ते पुस्तक टिडमार्शकडेच कोरायला आलं.

कीझायाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. एरवी शिव्या घालत कोरणारी बाई, आता ठोकळा आला की आधी त्यात भाऊ शोधायची. कॅप्टन ओळखायला अडचण नव्हती. त्याचे कल्ले अख्ख्या इंग्लंडला माहीत. कानापासून सुटलेले, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना दोन झाडू बांधावेत तसे. प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर ते कल्ले असायचेच. पण जाबेझ? चित्रकारानं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा चेहऱ्यावरून काय कळणार? एका चित्रात तंबूच्या दाराशी एक शांत माणूस टेबलावर वाकलेला होता. हाच तो, असं कीझायानं मनाशी घेतलं. त्याच्या कपाळावरची एक एक रेघ तिनं अशी जीव लावून कोरली की टिडमार्शनंसुद्धा भिंग लावून पाहिलं आणि "वा" म्हटलं.

त्याच पुस्तकात एक नग होता. फेंगडे पाय, नकटं नाक, चौकडीची टोपी. एका चित्रात चिखलात पडलेला, एकात मुंग्यांच्या वारुळावर बसलेला, एकात माकडानं टोपी पळवलेली. प्रत्येक प्रकरणात त्याची फजिती. सगळ्या खोलीनं त्याचं नाव फेंगड्या ठेवलं होतं. "कीझाया, आज फेंगड्याचं काय झालं?" असं ओबे रोज विचारायचा. आणि कीझायाला तो चेहरा कोरताना हात आवरायचा नाही. चित्रकारानं नाक थोडं वर काढलं असलं तर ही अजून वर न्यायची. तोंड वासलेलं असलं तर अजून वासायची. खोली हसून लोळायची आणि ही पण.

नोव्हेंबरात एका दुपारी कॅप्टन स्वतः प्रुफं पाहायला आला. कल्ले आधी आत आले, मागून कॅप्टन. टिडमार्श पुढं पुढं करत होता. कॅप्टननं एक एक कागद उचलला, मान डोलावली, आणि वारुळाच्या चित्रापाशी येऊन मोठ्यानं हसला.

"झकास! हाच तो! हाच माझा जाबेझ!"

कीझायाच्या हातातली कोरणी थांबली. "कोण म्हणालात, साहेब?"

"हा बावळट. जाबेझ पेनफोल्ड. माझी पाखरं सोलणारा. पुस्तकाचा जीव आहे हो हा! ह्याचा चेहरा कोणी कोरला? काय कोरलाय!"

"बाईंनी," टिडमार्श कौतुकानं म्हणाला. "मिस—" आणि तिथं त्याची जीभ टाळ्याला चिकटली. इतकी वर्षं तो तिला नावानं हाक मारत होता, आणि तिच्या आडनावाकडं त्याचं आज लक्ष गेलं.

"मिस पेनफोल्ड," कीझाया उठून उभी राहिली. "बहीण त्याची."

दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. कॅप्टननं हात पुढं केला! "अरे वा! काय योगायोग! मग तुम्हाला तर आनंदच झाला असेल."

"आनंद? साहेब, माझा भाऊ फेंगडा नव्हता. नकटा नव्हता. त्यानं तुमची पाखरं सोलली. आणि मुंग्यांच्या वारुळावर तुम्ही त्याला बसवलात?"

"अहो, गोष्ट आहे ती. पोरांची गोष्ट. पोरांना हसायला कुणीतरी लागतं ना? आणि एक भित्रा दाखवल्याशिवाय शूर कोण ते पोरांना कळणार कसं?"

"भित्रा होता तो?"

"छे, छे! भला माणूस. मी तापानं फणफणलो होतो तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसून होता. म्हणून तर त्याला धरलं तापानं. मी उठलो, तो पडला. पण आता मला सांगा, ताप कोण वाचणार? तापाचं चित्र काय काढायचं?"

हे तो मुळीच न लाजता म्हणाला. त्याच्या मनात काही काळंबेरं असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण नव्हतं. ज्यानं आपला जीव वाचवला त्याला विदूषक करून विकलं, आणि वर चेहऱ्यावर सुरकुती नाही!

"मग निदान नाव बदला," कीझाया म्हणाली. "दुसरं काहीही ठेवा. माझी आई वाट बघतेय त्या पुस्तकाची. गल्लीभर सांगितलंय तिनं."

"मजकूर छापून झाला, बाई. आता काय बदलणार? आणि नाव बदलून कसं चालेल? जाबेझ! नुसतं नाव ऐकलं तरी पोरं हसतात." मग त्याला दया आली असावी. "तुमच्या आईला सांगा, एक प्रत माझ्याकडून भेट. सोनेरी कडेची."

कॅप्टन निघाला तेव्हा कीझायानं त्याला तंबूपाशी बसलेल्या शांत माणसाचं विचारलं. तो जावातल्या बटावियाचा, मिरीचा एक डच व्यापारी निघाला.

तो गेल्यावर खोलीत कुणी कुणाकडं बघेना. ओबे ग्रिग पुटपुटला, "वारुळाभोवतीचं गवत माझं होतं गं." पण नकटं नाक कीझायानंच वर नेलं होतं. दुसरं कुणी नव्हे, तिनं. ती आपल्या हाताकडं बघत बसली आणि मग तिला जो संताप आला, तो कॅप्टनचा होता, चित्रकाराचा होता, आपला स्वतःचा होता, आणि त्या बोल्ट सोडून वाटलेल्या चौकोनांचा तर सगळ्यात जास्त.

शेवटचं चित्र राहिलं होतं, पुस्तकातलं सगळ्यात मोठं. ते आल्यावर बोल्ट सोडायच्या आधी ती टिडमार्शच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि पहिल्यांदा तिनं अख्खं चित्र पाहिलं. मध्ये वाघ, दबा धरलेला. एका बाजूला कॅप्टन, पाय रोवून, बंदूक खांद्याला. दुसऱ्या बाजूला झाड, झाडावर जाबेझ, फांदीला मिठी मारलेला, एक बूट खाली पडतोय, तोंड वासलेलं. दोघांच्या अंगात सारखेच शिकारी कोट.

"मालक, हे मी कोरणार नाही," ती म्हणाली.

टिडमार्श वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, एवढंच. जन्मभर प्रकाशकांना "होय साहेब" म्हणून म्हणून त्याची मान पुढं वाकलेली राहिली होती. "नको कोरूस," तो हळूच म्हणाला. "मला कळतंय. मी चेहरे ग्रिगला देतो. नाही तर नव्या माणसाला देतो. एक चौकोन काय, कुणीही करील."

हीच तर त्या रीतीची मेख! एकानं नाही म्हटलं तर चौकोन शेजारच्या उशीवर. कुणाचं काही अडत नाही. जाबेझ झाडावर चढणार तो चढणारच, कीझायानं चढवला नाही तर ओबे चढवील, आणि तोंड अजूनच वाईट वासेल.

ती दारापर्यंत गेली होती. परत आली. "द्या इकडं. दोन्ही चेहरे मीच करते."

आता लाकडावरच्या कोरीव कामात असं असतं, की जे कोरून काढलं ते पांढरं छापतं, जे ठेवलं ते काळं. चित्रकाराची पेन्सिल ही नुसती सूचना. शेवटी काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे कोरणीवाल्याच्या हातात. कीझायानं पहिला चौकोन उशीवर ठेवला, बंदूकवाल्याचा. चित्रकारानं काढलेले कल्ले तिनं कोरणीच्या टोकानं साफ करून टाकले. कानापासून हनुवटीपर्यंत गाल गुळगुळीत केला, कपाळावरून केसांची एक बट सोडली, आणि डोळे तिच्या आठवणीतले ठेवले. तिच्या भावाचे डोळे जरा लांब होते, बाहेरच्या कडेला खाली उतरलेले. पोरगा अख्खा आला. मग तिनं दुसरा चौकोन घेतला. झाडावरच्या तोंडाला तिनं हात लावला नाही, चित्रकारानं वासलं होतं तेवढंच वासू दिलं. फक्त त्याच्या दोन्ही गालांवर तिनं लाकूड काढलंच नाही. भरघोस ठेवलं. मग त्यात बारीक रेघा ओढून केस दाखवले, एक एक केस, वाऱ्यावर उडणारा. इतके सुंदर कल्ले तिनं आयुष्यात कोरले नव्हते. शेजारी ओबेनं मान वाकडी करून पाहिलं, आणि लगेच आपल्या पानांत डोकं घातलं. त्याचे खांदे गदगदत होते.

चौकोन आवळले गेले, शाई लागली, छाप निघाला. खाली छापखान्याची गाडी उभी. टिडमार्शनं भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला. सगळी खोली कोरायचं सोडून त्याच्याकडं बघत होती.

"कीझाया. हे कल्ले कुणाचे?"

"ज्याचे आहेत त्याचे, मालक."

"बदलायला सांगितलं तर?"

"भोकं पाडून नवं लाकूड ठोकावं लागेल. बसवा कुणाला तरी. मी नाही बसणार."

खालून गाडीवाला हाका मारत होता. दोनदा टिडमार्शचा हात ठोकळ्याकडं गेला, दोनदा मागं आला. मग त्यानं काय करावं? चित्राच्या खालच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव असायचं, टिडमार्श, बारीक अक्षरांत. त्यानं कीझायाच्या हातातली कोरणी घेतली, आपलं नाव खरवडून काढलं, फुंकर मारली, आणि ठोकळा गाडीवाल्याच्या हवाली केला. वळून म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." तिच्याकडं बघून नाही म्हणाला, खिडकीकडं बघून म्हणाला.

पुस्तक आलं आणि व्हायचं ते झालं. पोरं आधी मजकूर थोडीच वाचतात? दुकानांच्या काचांना नाकं लावून पोरं ओरडायची, "ए, कॅप्टन झाडावर चढला रे!" म्हणे कॅप्टन प्रकाशकाच्या कचेरीत काठी आपटून आला. पण तोवर अर्ध्या प्रती इंग्लंडभर गेल्या होत्या, आणि कोपऱ्यात आपलं नावच नाही, असं म्हणून टिडमार्शनं हात वर केले. कीझायाला दुसऱ्या कारखान्यांनी दारातूनच परत लावलं, कारण असली बातमी ह्या धंद्यात पायांनी चालत नाही, उडत जाते. पण तिला त्याचं काही वाटलं नाही. ती नाताळची वाट बघत होती. मजकुरात काय असेल ते असो, आई अक्षर वाचत नाही, चित्र वाचते. आणि चित्रात आपला जाबेझ वाघापुढं ताठ उभा आहे.

सोनेरी कडेची प्रत खरंच आली. कॅप्टननं आधीच सांगून ठेवली होती, आणि रद्द करायचं रागाच्या भरात राहून गेलं असणार. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पेनफोल्डांच्या खोलीत गल्ली जमली. हॉबडेबाई पुडिंगचा उरलेला तुकडा घेऊन आली, पाववाला बायकोला घेऊन आला. टोझर चष्मा पुसून खिडकीशी बसला. डॉर्कसनं ठेवणीतली टोपी घातली होती.

टोझर वाचू लागला, आणि चौथ्या पानावर जाबेझ चिखलात पडला. पाववाला हसला, मग त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. वारूळ आलं. माकड आलं. टोझरचा आवाज बसत चालला. डॉर्कस हात मांडीवर ठेवून ऐकत होती. कीझायाला वाटत होतं, कधी एकदा वाघ येतोय.

वाघ आला. "'आणि आमच्या शूर जाबेझनं,'" टोझरनं वाचलं, "'बंदूक टाकली नि बोंब ठोकून...' मिसेस पेनफोल्ड, पुढचं वाचू का?"

"वाचा."

"'...माकडालाही साधणार नाही अशा चपळाईनं तो झाडावर चढला, आणि सकाळपर्यंत खाली उतरला नाही.'" त्यानं पान उलटलं, चित्र पाहिलं, चष्मा सरकवला. "हे काय? झाडावर तर कल्लेवाला आहे!"

मग एकच गिल्ला झाला. पुस्तक खोटं की चित्र खोटं? हॉबडेबाई म्हणाली चित्र खरं, पाववाला म्हणाला छापलेलं खोटं कसं असेल? "थांबा हो जरा!" डॉर्कस ओरडली. "मिस्टर टोझर, पुढं काय होतं त्याचं? शेवटी?"

टोझरनं शेवटची पानं चाळली. "शेवटी जहाजानं परत येतात. जाबेझ बंदरावर उतरतो आणि... हं, उतरल्या उतरल्या गाडीवर वाम मासा भरलेला पाव घेऊन खातो, आणि त्यानं पोट बिघडतं. इथं परत हसायचं आहे."

"घरी येतो?"

"पुस्तकात येतो."

कीझायाला राहवेना. ती आईजवळ गुडघ्यांवर बसली. "आई, ते सगळं खोटं आहे गं. कॅप्टननं स्वतः माझ्यासमोर कबूल केलंय. जाबेझ भ्याला नाही. त्या माणसाच्या उशाशी बसून त्यानं आपला जीव घालवला. बघ, हे चित्र बघ. हे मी कोरलंय. हा वाघापुढं उभा आहे ना, हा आपला जाबेझ. डोळे बघ. नोकरी गेली माझी ह्याच्यापायी, गेली तर गेली. आता इंग्लंडातलं प्रत्येक पोर त्याला वाघापुढं उभा बघतंय."

डॉर्कसनं पुस्तक मांडीवर घेतलं. बंदूकवाल्यावर बोट ठेवलं. "हा?"

"हो."

बोट सरकलं. "आणि हा वर चढलेला, तो कॅप्टन?"

"तोच."

"तो आला ना गं परत?"

"आला."

म्हातारीनं पुस्तक असं आपटलं की बशा वाजल्या. "मग अक्कल कुणाला होती? सांग ना! उशाशी बसला म्हणे! शूर म्हणे! मी काय शूर मुलगा मागितला होता? त्या कल्लेवाल्यानं माझ्या पोराची थट्टा केली, त्याला देव बघून घेईल. पण त्यानं त्याला झाडावर तरी चढवलं. बोटीत तरी घातलं. बंदरावर आणून खायला तरी दिलं. आणि तू? सख्खी बहीण ना तू? कुणी सांगितलं होतं गं तुला, माझ्या पोराला झाडावरून उतरवून वाघापुढं उभं करायला?"

डॉर्कसनं डोळे पुसले नाहीत, पुस्तक उचलून टोझरच्या हातात कोंबलं.

"वाचा, मिस्टर टोझर. तो झाडावर चढतो ना, तिथून वाचा. आणि ते चित्र हातानं झाका."